पुढे सरकलेली सीट

“पॉवर स्टिअरिंग बसवलंय हे घरी कळता कामा नये,” भाऊसाहेबांनी मिस्त्रीला बजावलं.

त्यांची जुनी अमेरिकन गाडी म्हणजे लाल रणगाडा. वळवताना दंड भरून यायचे. “तुला झेपायची नाही,” असं सांगत त्यांनी लायसन्स असलेल्या बायकोला तीस वर्षं चावीला हात लावू दिला नव्हता. आता स्टिअरिंग एका बोटानं फिरत होतं. तिला समजलं, तर चावी गेलीच म्हणायची!

म्हणून ते प्रत्येक वळणावर दात आवळून कण्हायचे. शेजारी बसलेली बायको हळहळायची. घरी आल्यावर दंडांना तेल चोळून द्यायची. मग भाऊसाहेब दुपारी दोन तास गाढ झोपायचे.

रविवारी दोघं लग्नाला निघाली. भाऊसाहेब गाडीत शिरले आणि त्यांचे गुडघे स्टिअरिंगवर आपटले. सीट वीतभर पुढे सरकलेली होती, अगदी बायकोचे पाय पोचतील अशी. मागे कोथिंबिरीच्या चार काड्या पडल्या होत्या.

विचारणार तरी कसं? त्यांनी सीट मागे घेतली आणि गाडी काढली. चौक आला.

“अहो, कण्हा की,” बायको पदर सारखा करत म्हणाली, “वळण आलं.”