चालेल

"घाई असेल तर चहा कर. काडतूस भरायला बसू नकोस."

रॉसलिनच्या कानात डॅडचा तो आवाज अजून होता, पत्र्याच्या शेडमधला. तेव्हा ती शाळेत जात होती. तिने भरलेलं पहिलं काडतूस डॅडने तळहातावर फिरवलं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि म्हटलं, "चालेल." एवढंच. त्यानंतर कितीतरी वर्षं ती शेडमधल्या काडतुसं भरायच्या बाकाकडे फिरकली नाही.

आज मूंटा गावाबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर, कापलेल्या बार्लीच्या धसकटांवर ऊन थरथरत असताना, तोच डॅड तिच्या शेजारी घडीच्या खुर्चीत बसला होता. मर्व्ह पेनगेली. पुढ्यात लॅपटॉप, त्यात दोन सॉफ्टवेअर. हजार यार्डांवर गोळी किती खाली उतरेल, वारा तिला किती ढकलेल, हे आधीच सांगणारी. क्लब त्यांतलं एकच विकत घेणार होता. घरी काडतुसं भरणाऱ्यांत मर्व्ह सगळ्यांत जुना, म्हणून निवड त्याच्यावर सोपवली होती.

"पहिलं घे, डॅड," रॉसलिन म्हणाली. "सोपं आहे. सरासरी वेग टाकला की झालं."

दुसरं तिला नको होतं. ते प्रत्येक गोळीचा वेग वेगळा मागत होतं. आणि ते आकडे डॅडच्या नजरेला पडता कामा नयेत.

गेल्या हिवाळ्यापासून मर्व्हचा उजवा हात थरथरायचा. नेम धरताना रायफल टेकणीवर असते, तिथे ते खपून जाई. बंदुकीची दारू मोजताना खपत नाही. एका शनिवारी तिने त्याची दोन-चार काडतुसं सहज काट्यावर ठेवली. एकात दारू जास्त होती. रायफल त्याच्या गालाशीच फुटली असती. तेव्हापासून तो दुपारी डुलकी घ्यायचा त्या वेळात ती शेडमध्ये जाई. त्याच्या डब्यातल्या एकेका काडतुसाची गोळी उपसे, दारू ओतून टाके, नव्याने मोजे, नव्याने भरे. घाई न करता. मग डबा होता तिथे, होता तसा. आई गेल्यावर त्याला तो बाकच सोबतीला उरला होता. तो त्याच्याकडून काढून घ्यायला तिचं मन धजत नव्हतं.

क्लबची सेक्रेटरी बेव्ह खिमा-बटाटा भरलेली गरम पेस्टी घेऊन आली. "काय रे मर्व्ह, म्हातारपणी लोकांचा नेम जातो. तुझा सुधारत चाललाय. डोळ्यांत घालतोस तरी काय?"

"टोमॅटो सॉस," मर्व्ह म्हणाला. "आण इकडे."

पेस्टी संपवून त्याने बोटं पँटला पुसली. "दुसरं उघड, रॉस."

"अरे, कटकटीचं आहे ते. उत्तर गोलार्धातल्या लोकांनी बनवलंय. आपण दक्षिण गोलार्धातले, तर अक्षांशाला वजा चिन्ह लावायचं. विसरलं की सगळ्या गोळ्या डावीकडे."

"वजा चिन्ह लावता येतं मला. तू वेगाचं यंत्र लाव."

तो चटईवर पालथा झाला. रायफलीचा आवाज धसकटांवरून लांब गेला, पांढरे पोपट उडाले, पुन्हा बसले. यंत्रावर आकडे उमटत गेले. एकामागून एक, एका आईच्या लेकरांसारखे, एकाच चेहऱ्याचे. रॉसलिन बघत राहिली. आपल्याच हातांचं काम तिने असं कधी पाहिलं नव्हतं. मग ती घाबरली. स्वतःचा हात किती चुकतो हे डॅडला पाठ होतं; इतके सारखे वेग आपल्या हातचे नाहीत, हे तो लगेच ओळखणार. एखाददुसरा आकडा इकडेतिकडे करावा, म्हणून तिचं बोट कळीवर गेलं.

"आलाय तसाच टाक," मागून मर्व्ह म्हणाला. तो कधी उठला ते तिला कळलंच नव्हतं.

तिने तसेच टाकले. पडद्यावर हजार यार्डांवर गोळ्या जिथे पडतील ते वर्तुळ उमटलं. इवलंसं. खाली शेवटची चौकट होती: काडतूस भरणाऱ्याचं नाव. तिने 'मर्व्ह' लिहिलं.

त्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. थरथरतं बोट खोडायच्या कळीवर ठेवलं. बोट दोनदा दोनदा पडत होतं, नाव झटकन पुसलं गेलं. मग एकेक अक्षर शोधत, चुकत, पुन्हा लिहीत त्याने 'रॉसलिन' केलं.

"नेम वयाबरोबर सुधारत नसतो, पोरी."

ती खाली बघत राहिली. "कधी कळलं तुला?"

"पहिल्याच शनिवारी."

"मग भरत का राहिलास?"

"मी थांबलो असतो तर तूही थांबली असतीस."

पोपट पुन्हा उडाले. या वेळी कुणी गोळी झाडली नव्हती. मर्व्हने चटईवरची काडतुसाची रिकामी पितळी नळी उचलली, तळहातावर फिरवली, उजेडात धरली. बराच वेळ.

"तुझं ते पहिलं काडतूस," तो म्हणाला. "मी चालेल म्हणालो होतो."

"हं."

"माझ्यापेक्षा चांगलं होतं ते."