हळदीआधीचा फोटो

फोटोग्राफर शर्वरी मांडवातच लॅपटॉप उघडून नवरीच्या फोटोंचे रंग बसवत होती. रंग खरे यावेत म्हणून सुरुवातीला नवरीच्या हातात दिलेल्या करड्या कार्डावरून तिनं ते जुळवले. मागची भिंत पांढरी झाली, चुडा हिरवागार. डोळे मात्र पिवळेच राहिले.

"हळदीची झाक असेल गं," नवरीची आई मागून म्हणाली. "पांढरे करून टाक की."

"काकू, हा फोटो हळद लावायच्या आधीचा आहे. आणि यातले रंग खरे आहेत."

आई हळूच म्हणाली, "आठवडाभर जेवण जात नाहीये तिला. मला वाटलं, सासरची धास्ती."

हळदीची गाणी चालूच होती. आई लेकीजवळ गेली आणि हळदीनं माखलेल्या बोटानं तिची पापणी खाली ओढली.

बोटाचा आणि डोळ्याचा रंग एकच होता.