अकराशे साठ पत्ते

मंगळवारचा मेल सकाळी दहाला गेला आणि दुपारी दोनपर्यंत तो एकशे चार जणांनी उघडला. पत्ते अकराशे साठ होते. शर्लीने भागाकार केला. नऊ टक्क्यांहून किंचित कमी.

जानेवारीत हीच माणसं उत्सुक होती. शर्ली काम करायची त्या बोळिंजच्या लॅबने रक्ताची मोफत तपासणी ठेवली होती. अट एवढीच, की अहवाल ईमेलवर येईल. आगाशीच्या बाजूची निम्मी नावं शर्लीनेच, आपल्या घरापासून सुरुवात करून, घरोघर फिरून भरून घेतली. ज्यांना ईमेल नव्हता त्यांना उभ्या उभ्या बनवून दिला. अहवाल जवळजवळ सगळ्यांनी उघडला. त्यानंतर दर आठवड्याला ती सगळ्यांना आरोग्याविषयी एक मेल लिहायची, आणि दर आठवड्याला माणसं गळायची.

“तुझा तो सुक्या बोंबलातल्या मिठाचा मेल,” केयूर म्हणाला, “मी पण नाही उघडला. आणि मी इथला मार्केटिंग मॅनेजर आहे.”

“उपयोगाची माहिती होती.”

“असेल ना. उपयोगाचं कोण उघडतं? एकतीस मार्चपर्यंत पंचवीस टक्के पाहिजेत, नाहीतर तुझी पोस्ट बंद. वरून आलंय, माझ्यावर डोळे वटारू नकोस.”

शर्लीने डोळे वटारले नाहीत. तिने रसायनशास्त्रात पदवी घेतली होती. पुण्यात आणि मस्कतमध्ये तिला याहून बऱ्या जागा मिळत होत्या. दोन्हींना तिने नकार दिला होता, कारण घरी वाडी होती.

वाडी तिचे वडील पास्कल आणि काका फ्लॉईड, दोघांच्या नावावर होती. केळी, पानवेली, आणि मधोमध बावखल. पावसाचं गोडं पाणी त्या तळ्यात वर्षभर टिकायचं आणि आळीतल्या विहिरी त्याच्या जोरावर गोड राहायच्या. फ्लॉईडना ते बुजवून तिथे इमारत उठवायची होती. नऊ वर्षं ते सही मागत होते आणि नऊ वर्षं पास्कल “बघू” म्हणत होते. कारणही एकच द्यायचे: “शर्ली हाय ना इथं. माझ्यामागं ती बघेल.” शर्ली पुण्याला गेली असती, तर त्या “बघू”ला काही आधार उरला नसता.

गुरुवारी केयूरने तिच्या टेबलावर एक ओळ लिहून ठेवली. ‘तुमचा अहवाल पुन्हा पाहताना एक गोष्ट आढळली.’

“काय आढळलं?” तिने विचारलं.

“आढळेल काहीतरी. व्हिटॅमिन डी कोणाचं पुरेसं असतं? आत तेच लिही. शंभरातल्या सत्तर जणांचं कमी असतं, तुमचंही असू शकतं, पुढची टेस्ट अर्ध्या किमतीत. सगळं खरंच आहे.”

“आत खरं आहे. वरची ओळ खोटी आहे.”

“वरची ओळ फक्त दार वाजवते गं. आणि सुरुवातीला नाव टाक प्रत्येकाचं. लॅबचं नाव नको, तुझ्या नावाने जाऊ दे. माणसाला माणसाचा मेल आला की तो उघडतो.”

तिने रात्रभर विचार केला नाही. पंधरा मिनिटं केला. पुढच्या आठवड्यात पुन्हा सरळ मेल पाठवायचा, असं स्वतःशी ठरवलं आणि नावं जोडायची सोय चालू केली. शुक्रवारी सकाळी दहाला तिने बटण दाबलं.

दोन वाजेपर्यंत पाचशे एकाहत्तर जणांनी तो उघडला. एकोणपन्नास टक्के. केयूरने सगळ्यांसाठी वडापाव मागवले. शर्लीने आपला खाल्ला नाही, पण आकडा दोनदा पाहिला.

शनिवारी पास्कल केळीला पाणी द्यायला गेले नाहीत. रविवारी चर्चमधली मिसा संपली, माणसं बाहेर पडली, तरी ते बाकावर बसून होते. शर्ली दारात थांबली.

घरी येताना त्यांनी विचारलं, “बाय, तुमच्या लॅबात चूक होते का गं कधी?”

“इतरांकडे होत असेल, पप्पा. आमच्याकडे नाही. मी स्वतः बघते ना.”

“ते खरं,” पास्कल म्हणाले.

सोमवारी केयूरने तिच्या हातात पत्र दिलं. पोस्ट दोन वर्षांसाठी कायम. आगाशीच्या बसमध्ये तिने ते तीनदा वाचलं.

पास्कल ओटीवर बसले होते. अंगात सणाचा पांढरा शर्ट, पायांत बूट.

“पप्पा, दोन वर्षं नक्की झाली. मी कुठे जात नाही. फ्लॉईड अंकलना आता सरळ नाही म्हणून सांगून टाका.”

“बस इथं.”

ती बसली.

“शुक्रवारी तू धाडलंस ते मिळालं मला,” पास्कल म्हणाले. “तोंडावर सांगायला जमलं नसेल, म्हणून लॅबच्या रीतीनं लिहून कळवलंस. मी रागावलो नाय.”

“काय मिळालं?”

त्यांनी खिशातून फोन काढून तिच्या हातात दिला. मेल उघडलेला नव्हता. पाठवणारी शर्ली. खाली ठळक अक्षरांत ओळ होती. ‘पास्कल, तुमचा अहवाल पुन्हा पाहताना एक गोष्ट आढळली.’

“उघडला नाय मी. रोगाचं नाव वाचून काय करायचं?”

“पप्पा, हा मेल सगळ्यांना...”

“ऐक आधी. मला मरायची भीती नाय. पण माझ्यामागं तू एकटीनं फ्लॉईडशी भांडत बसायचं, ते नको. तुला पुण्याला बोलावतात, मस्कतला बोलावतात, आणि तू माझ्यापायी इथं अडकलीस. नऊ वर्षं बघू बघू केलं. आज सकाळी त्याच्याबरोबर गेलो आणि वाडीच्या कागदांवर सही करून आलो.”