शंभर प्रतींची ऑर्डर

माझी कादंबरी छापून वर्ष झालं, तरी कोल्हारात कुणी ती हातात धरली नव्हती. शेवटी गावातल्या केबलवाल्या रविराजला गाठलं. तो लग्नाचं शूटिंगही करायचा. "काका, अशी फिल्म बनवतो, घराघरात तुमचंच नाव निघंल," म्हणाला. माझा फोटो, भोवती फुलांची चौकट, मागं बासरी आणि शेवटी पुस्तक. संध्याकाळी पिक्चरच्या आधी त्यानं ती दाखवली.

सकाळी डेअरीत दूध घालून आलो, तर कुलूप लावलेल्या घरासमोर ही गर्दी! बायको माहेरी, नेवाशाला गेलेली. जाहिरात लागू पडली म्हणायची. बोळातच सायकल थांबवून मी केस नीट केले.

तेवढ्यात राहात्याहून आलेल्या माझ्या थोरल्या भावाचा, रंभाजीदादांचा रडवेला आवाज ऐकू आला. "लई येड हुतं त्याला पुस्तकाचं. दहाव्याला येणाऱ्या परत्येकाच्या हातात त्याचं पुस्तक पडलं पायजे. शंभर प्रती माझ्याकडून."

तेव्हा लक्षात आलं, आमच्या केबलवर फुलांची चौकट आणि बासरी फक्त गेलेल्या माणसालाच मिळते. सायकल वळवून दहा दिवस कुठंतरी निघून जावं, असं क्षणभर वाटलं.

पण दादांचं रडणं बघवेना. मी पुढं झालो. दादा गळ्यात पडले, मला चाचपून पाहिलं आणि डोळे पुसत सगळ्यांना म्हणाले,



"देव पावला! आता पुस्तकं न्हाई लागायची."