आईचं विरजण

बाबांनी दह्याचं भांडं घासून लख्ख करून ठेवलं होतं.

"बाबा, त्यात आईचं विरजण होतं!"

आई जाऊन पाच महिने झाले होते. तिने माहेरहून आणलेलं विरजण मी जपत होते. बाबा खाली बसले.

मी शेजारच्या शिर्केकाकूंकडे धावले. त्या आईकडूनच विरजण न्यायच्या.

"म्हणजे हे तिचेच जिवाणू," त्यांनी दिलेली विरजणाची वाटी घेत मी म्हटलं.

काकू हसल्या. "कसले तिचे? उन्हाळ्यात तिचं आंबून जायचं, मग ती माझ्याकडून न्यायची. माझं बिघडलं की मी डेअरीतून आणायचे."

"मग आईचं दही म्हणजे नक्की कोणतं?"

"अगं, ती लावायची ते."

घरी येऊन मी दूध कोमट केलं आणि वाटी बाबांच्या हातात दिली.