पट्टीची बाहेरची बाजू

अक्कलकुव्याच्या पेठेत लाकडं वाहणारा, हॅन्डल फिरवून सुरू करावा लागणारा ट्रक माल भरून होईपर्यंत भूरीबाईच्या दारासमोर धूर ओकत उभा असे. नेमकी तीच तिच्या सामायिकाची, जपाची वेळ. हवेतल्या बारीक जिवांना आपल्या श्वासाची इजा नको म्हणून ती तोंडाला पांढरी मुहपत्ती बांधून दोन घडी बसायची. हा धूर बरा नाही, हे पेठेत घरोघरी सांगून ती वर्षभरात थकली होती. "गाडी आली म्हणून गावाला बरकत आली," म्हणत जो तो आपल्या कामाला लागे.

आज जप उरकून ती उठली आणि मुहपत्ती तिने ड्रायव्हर सुपडूच्या हातात ठेवली. आतून पांढरी होती, बाहेरून काजळलेली.

"इंजिन बंद करं ते हॅन्डल मारता मारता हात निखळी जातस, माय," सुपडू म्हणाला. मग पट्टी उलटसुलट करत दमल्यासारखा हसला. "आनि ज्या जीवसले तू वाचाडस, त्या ते कव्हयच मरी गयात व्हतीन."

भूरीबाईने पट्टी परत घेतली.

"एक आजून जित्ता शे, भाऊ. मी रोज आयकस. सकायले हॅन्डल मारतांना खोकस तो."