शिकाऊ काच

चौक जवळ आला तशी शैलजाने गाडी दुसऱ्या गिअरवर आणली, हॉर्न दिला आणि उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहिलं. रस्ता मोकळा होता. समोरच्या काचेत मात्र डावीकडून एक स्कूटर आली, दुपारच्या उन्हातून धुकं सरकावं तशी. हँडलला मेथीची जुडी अडकवलेली होती.

शिकाऊ गाड्यांच्या काचेत प्रत्येक चौकात तिथे अपघातात गेलेलं माणूस दिसायचं. त्याला वाट देऊनच पुढे जायचं, म्हणजे शिकणाऱ्याच्या पायाला ब्रेकची सवय लागायची.

शैलजा थांबली. स्कूटर सावकाश पलीकडे गेली आणि उन्हात विरली. तिने क्लच झटकन सोडला. गाडी गचका देऊन बंद पडली.

"परीक्षेतही तुम्ही इथेच गाडी बंद पाडता, ताई," शिकवणारे बागवान सर म्हणाले. "एरवी इतकी छान चालवता. मग तीनदा नापास कशा?"

"लायसन्स मिळालं की साधी काच ना, सर?" तिने विचारलं. "ह्यांना मेथी मीच आणायला सांगितली होती."

बागवान सरांनी गिअर न्यूट्रलला आणला.

"पुढून वळवून आणा," ते म्हणाले. "हा चौक अजून नीट जमलेला नाही तुम्हाला."